एका दिवसाचा फ्रीज

फोन आला तेव्हा माझ्या टेबलापुढं पंधरा-वीस पोरं उभी होती. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायची मुदत दुसऱ्या दिवशी संपणार होती, सर्व्हर सकाळपासून आचके देत होता, आणि एका मुलीच्या बापाचं नाव उत्पन्नाच्या दाखल्यावर एक आणि आधार कार्डावर दुसरं, यावरून मी तिला फैलावर घेतलं होतं. दौंडच्या एका कॉलेजात मी शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळते. अर्जांच्या दिवसांत मला फोन करायचा नाही, हे माझ्या नवऱ्यालासुद्धा ठाऊक आहे. पण फोन विजयचा होता. विजय म्हणजे निमोण्यातल्या आमच्या घराशेजारच्या नलूकाकीचा मुलगा, माझ्याच वर्गातला, आता पुण्यात इंजिनिअर. म्हणाला, "नंदा, आई गेली गं... पहाटे." मी म्हणाले, "बरं." माणूस गेल्याची बातमी ऐकून कोणी बरं म्हणतं का? मी म्हणाले. मग त्या मुलीचा अर्ज पुरा केला, तिच्या हातात पावती दिली आणि बाकीच्या पोरांना उद्या लवकर या म्हणून सांगितलं.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहायचं, अशी आपल्याकडं रीत आहे. मला ते जमायचं नाही. चांगलं आहे तेही लिहीन, कारण ते खूप आहे, आणि तीच तर पंचाईत आहे. नलूकाकी वाईट बाई असती तर मी दोन दिवसांत तिला विसरले असते.

आमची घरं समोरासमोर, मधे बैलगाडी जाईल एवढा बोळ. माझे वडील शिरूरच्या मार्केट यार्डात हमाल होते. आजोबांच्या काळापर्यंत आमची मेंढरं रानोमाळ फिरायची, वडिलांच्या वाट्याला त्यातली आठ उरली होती आणि थोडी कोरडवाहू जमीन. आईला अक्षर येत नाही. काकी मात्र शिकलेली, गावच्या अंगणवाडीची बाई. मी पाटीवर पहिला 'अ' काढला तो तिच्या हाताला धरून. तिचे मिस्टर रांजणगावच्या कारखान्यात फिटर होते. त्यांच्या चांगल्या दिवसांत त्यांनी मरून रंगाचा एका दाराचा फ्रीज आणला, आमच्या आळीतला पहिला. आम्ही पोरं बर्फ मागायला तिच्या दारात उभी राहायचो आणि ती कधी कुणाला नाही म्हणाली नाही. फ्रीजवर तिनं स्वतः विणलेलं क्रोशाचं पांढरं कव्हर असायचं, कडेला गोंडे लावलेलं. दोन्ही हातांत भांडी असली की ती फ्रीजचं दार कोपरानं लावायची, एक छोटा दणका देऊन. आम्ही दहावीत असताना तिचे मिस्टर अचानक गेले. त्यानंतर अंगणवाडीच्या मानधनावर आणि ब्लाउज शिवून तिनं घर चालवलं. गरज तिलाही होती, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर कुणी मला ऐकवायला नको.

बारावीला मला विजयपेक्षा बरेच जास्त मार्क पडले. मला कॉम्प्युटर इंजिनिअर व्हायचं होतं. कॉम्प्युटर मी तोवर फक्त शिरूरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात काचेपलीकडून बघितला होता, पण व्हायचं होतं. पुण्यातली एक संस्था खेड्यातल्या मुलांची कॉलेजची सगळी फी आणि होस्टेलचा खर्च उचलायची. अट एकच, एका गावातून एकच विद्यार्थी. त्या वर्षी निमोण्यातून दोन अर्ज गेले, एक माझा आणि एक विजयचा. आणि दोन्ही काकीनं भरले.

कसे भरले तेही सांगते. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी ती मला घेऊन शिरूरच्या तहसील कचेरीत तीनदा आली. पहिल्या खेपेला तलाठ्याचा शिक्का पुसट निघाला, दुसऱ्या खेपेला साहेब मीटिंगला गेलेले, तिसऱ्या खेपेला रांगेत चार तास. माझा चेहरा उतरला की ती म्हणायची, "नंदे, कागुद म्हंजी लेकरू असतंय, त्याच्या मागं मागं करावं लागतंय." दाखला हातात पडला त्या दिवशी तिनं मला स्टँडवर भेळ खाऊ घातली. अर्ज तिनं आधी पेन्सिलीनं भरला, माझ्याकडून दोनदा वाचून घेतला, मग त्यावर पेनानं गिरवलं. आजही मी माझ्या टेबलावर पोरांना तसंच करायला लावते, हल्ली पोर्टलवर पेन्सिल चालत नाही तर आधी वहीत लिहून काढा म्हणते. त्या अर्जात एक रकाना होता, 'घरातील वस्तू'. काकीनं मला विचारून लिहिलं, सायकल एक, रेडिओ एक. मी म्हणाले, रेडिओ बिघडलाय. ती हसली आणि म्हणाली, "लिवू की, तेवढीच इज्जत."

मग पत्र आलं की अमुक दिवशी संस्थेची माणसं गृहभेटीला येणार. पत्र काकीनंच आईला वाचून दाखवलं. आमच्या घरी पाहुणे येणार म्हटल्यावर आईच्या अंगात आलं. आता आमच्याकडं मोठी माणसं पुण्याहून घरी येतात ती एकाच कामाला, मुलगी बघायला. आईला दुसरं कसलं येणं माहीतच नव्हतं. मुलगी पसंत पडायची तर घर नीटनेटकं पाहिजे, चार वस्तू दिसल्या पाहिजेत, खायला गोड पाहिजे आणि मुलगी खाली मान घालून आली पाहिजे. तेच तिनं इथं लावलं. भिंतींना पोतेरा झाला, मंडळाच्या खुर्च्या आल्या, मला तिची लग्नातली साडी नेसवली. मेंढरांचा वास यायला नको म्हणून आठही मेंढरं सकाळीच काकीच्या अंगणात नेऊन बांधली. आणि काकी म्हणाली, "आक्का, माझा फ्रीज न्या की तेवढ्यापुरता. घर भरल्यागत दिसंल." आईच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढी मोठी वस्तू कोण कुणाला देतं? वडील, विजय आणि यार्डातला एक हमाल अशा तिघांनी फ्रीज उचलून बोळ ओलांडला. मागनं काकी कव्हर हातात घेऊन आली आणि फ्रीज आमच्या पुढच्या खोलीत टेकल्यावर तिनं स्वतः ते त्याच्यावर घातलं, गोंडे सारखे केले.

दुपारी जीप आली. एक वयस्कर बाई आणि त्यांच्यासोबत फाईल धरलेले एक गृहस्थ. मी साडीत, हातात शिऱ्याच्या बशांचा ट्रे. बाईंनी विचारलं, "इंजिनिअर होऊन पुढं काय करणार?" मी खाली मान घालून उभी, कारण आईनं बजावलं होतं की फार तोंड उघडायचं नाही. मी म्हणाले, "तुम्ही म्हणाल ते." आता आठवलं की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते. त्या खोलीत प्लगच नव्हता, त्यामुळं फ्रीज नुसताच उभा. गृहस्थांनी विचारलं, "चालू नाही का हा?" आई तोऱ्यात म्हणाली, "लाईट गेलीया न्हवं." तिच्या डोक्यावर बल्ब जळत होता. त्यांनी एकदा बल्बकडं बघितलं आणि फाईलमध्ये काहीतरी लिहिलं. मग चहा आला. घरातली साखर सगळी शिऱ्यात गेली होती, चहाला चमचाभर उरलेली. बाईंनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला, तो पुन्हा उचलला नाही. आईनं ते बघितलं. तिथून ती मंडळी समोर काकीकडं गेली. काकीच्या पुढच्या खोलीत एक लोखंडी खाट, शिलाई मशीन आणि हार घातलेला फोटो. अंगणात आमची आठ मेंढरं. विजय बनियनवर त्यांना पाला टाकत होता.

पंधरा दिवसांनी दोन पाकिटं आली. विजयचं जाड होतं, माझं पातळ. माझ्या कागदावर दोन ओळी, आपली निवड होऊ शकली नाही, पुढील वाटचालीस शुभेच्छा. कारण नाही, काही नाही. काकीनं मला पोटाशी धरलं आणि ती रडली. खोटं कशाला सांगू, माझ्याहून जास्त रडली. आई मात्र रडली नाही. ती चुलीपाशी बसली होती, तिथूनच म्हणाली, "च्या नडला."

तेव्हापासून आईच्या मनानं घेतलं ते घेतलंच. पाहुण्यांना फिका चहा दिला म्हणून पोरीचं कॉलेज गेलं. लोक हसतील, पण माझ्या आईला जग एवढंच माहीत होतं... घरी आलेल्या माणसाचं मन राखलं की काम होतं, मन मोडलं की बिघडतं. त्या दिवसानंतर आमच्या घरातला चहा पाक झाला. येईल त्याच्या कपात तीन चमचे, विचारणं नाही. जावई आला तरी तीन, डॉक्टर आला तरी तीन.

मी शिरूरला बसनं ये-जा करून बी.ए. झाले. लग्न करून दौंडला आले, नवरा चांगला मिळाला, कॉलेजात आधी रोजंदारीवर आणि मग कायम क्लार्क म्हणून लागले. माझं वाईट झालं असं मी म्हणणार नाही. पण कॉलेजात नवं कॉम्प्युटर आलं आणि ते जोडायला कुणी विशीतला पोरगा आला की मी त्याच्या बोटांकडं बघत बसते, एवढं खरं. विजय नोकरीला लागला तेव्हा त्यानं आईसाठी दोन दारांचा नवा फ्रीज आणला, आणि काकीनं तो जुना मरून फ्रीज आमच्या आईला देऊन टाकला. या वेळी कायमचा. "आक्का, तुमच्याकडंच शोभत व्हता," म्हणाली. आईनं आळीभर पेढे वाटले. तीन उन्हाळे तो चालला, मग कॉम्प्रेसर गेला. तरी आईनं टाकला नाही. त्याच्या दाराचं रबर घट्ट, मुंगी आत शिरत नाही, म्हणून ती त्यात साखरेचा डबा, गूळ आणि घरातले सगळे कागद ठेवते. माझी बारावीची मार्कशीट तिथंच आहे.

आमच्या कॉलेजच्या मदतनिधीसाठी मी स्वतः गृहभेटींना जायला लागले तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की फाईलमध्ये काय लिहितात. अर्जात नाही आणि घरात आहे, अशी एक वस्तू दिसली की बस्स. पोरगी गरीब असो नसो, खोटारडी ठरते. केडगावजवळच्या एका घरात पाहुण्यांसाठी मांडलेला नवाकोरा कूलर बघितला आणि मला तिथंच उभ्या उभ्या घाम फुटला. पण तेव्हाही माझ्या मनात काकीबद्दल वाकडं आलं नाही. मला वाटलं, तीही आमच्यासारखीच खुळी, जीव लावला आणि त्या जीवानंच घात केला. अर्जातला तो रकाना तिनं स्वतःच्या अक्षरात भरला होता हे आठवलं, तरी मी म्हणाले, धांदलीत नसेल आलं लक्षात.

चार वर्षांपूर्वी टेबलावर एक म्हातारे गृहस्थ नातीचा अर्ज घेऊन आले. खुटबावचे. आडनावावरून आणि बोलण्यावरून ओळखलं, काकीचे थोरले भाऊ, विजयचे मामा. मला त्यांनी ओळखलं नाही, आणि मीही ओळख दिली नाही, रांग मोठी होती. गृहभेट असते म्हटल्यावर ते हसले. म्हणाले, "म्याडम, मला नका सांगू. आमच्या थोरल्या पोरीचा अर्ज ह्याच्यावरच उडाला. पुण्याची मान्सं येणार म्हनून आमी लोकाचा टीव्ही आणून मांडला व्हता, शोभंला. त्ये बघून त्यांनी पोरगीच कापली. दुसऱ्या साली आमच्या भनीच्या पोराचा नंबर व्हता. तवा मी सोता निमोण्याला जाऊन तिला सांगून आलो. म्हनलं, नले, घर मोकळं ठिव, फ्रीज दिसला न्हाई पायजे." मी त्यांच्या नातीचं रेशन कार्ड हातात धरून विचारलं, "मग फ्रीजचं काय केलं मामा?" ते म्हणाले, "दिला म्हनं शेजारी ठिवायला."

मी अर्ज पूर्ण केला. सही कुठं करायची ते बोटानं दाखवलं. ते म्हणाले, लई उपकार झाले. त्या दिवशी संध्याकाळी मी घरी जाऊन काय केलं ते मला आठवत नाही, भाजी करपली एवढं आठवतं.

त्यानंतर मी काकीच्या घरची पायरी चढले नाही. निमोण्याला गेले की बोळातून थेट आमच्या दारात. तिचा फोन आला की मी कामात आहे म्हणायचे. माणसाला काही ठाऊक नसेल तर ते विचारतं, काय गं, रागावलीस का, काय चुकलं माझं? चार वर्षांत काकीनं एकदाही विचारलं नाही. त्या न विचारण्यानं माझी उरलीसुरली शंका फिटली. आणि तरी माझा राग कॉलेज गेल्याचा नव्हता, निदान तेवढ्याचाच नव्हता. एका आईनं आपल्या लेकरासाठी दुसऱ्याच्या लेकराचं ताट ओढलं, हे मी रोज टेबलावर बघते. मला सहन होत नव्हतं ते वेगळंच. काकी रोज दुपारी आमच्या घरी यायची. आई चहा टाकायची, तीन चमचे. आणि दर दोन-चार दिवसांनी म्हणायची, "नले, त्या दिशी च्या गोड झाला असता तर आज माझी नंदा इंजिनेर असती." आणि काकी तो चहा पीत पीत म्हणायची, "जाऊ द्या आक्का." एवढंच. वीस वर्षांहून जास्त. तिला एका वाक्यात माझ्या आईला सोडवता आलं असतं. निम्मं खरं सांगून, अगदी खोटं बोलूनसुद्धा. तिनं नाही सोडवलं. पुढं तिला साखरेचा आजार झाला तरी आईचा तो पाक ती एका शब्दानं नाकारायची नाही. विजयची बायको म्हणते, सासूबाईंना तुमच्या आईची एवढी माया. माया असेलही. मला त्यात दुसरं काही दिसतं, पण त्यानं माझ्या आईचं काय भलं झालं?

गेल्या उन्हाळ्यात तिची किडनी गेली म्हणून तिला शिरूरच्या दवाखान्यात ठेवलं. आई म्हणाली, एकदा जाऊन ये, तिनं तुला अक्षर शिकवलं. मी गेले. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. तिचे पाय सुजलेले, चेहरा मात्र बारीक झालेला. मला बघून म्हणाली, "आलीस." मी ठरवून गेले होते की विचारायचं नाही. स्टुलावर बसल्या बसल्या तोंडातून निघालं, "काकी, तुला माहीत होतं ना गं?" तिनं काय म्हणून विचारलं नाही.

"फ्रीज लई जड व्हता, नंदे," ती म्हणाली. "उंबऱ्यात अडाकला. तवा मनात आलं, म्हणावं, ऱ्हाऊ द्या, नगा न्हेऊ."

"मग?"

"खालचा कोपरा विजूनं धरला व्हता... त्याच्याकडं बघितलं आन् तोंड मिटलं."

मी म्हणाले, "विजयला शिष्यवृत्ती तशीही मिळाली असती. विधवा बाई होतीस, तुझंही घर बघणारच होते ते. नुसतं गप्प बसली असतीस तरी चाललं असतं. फ्रीज आमच्याच घरात कशाला दिलास?" ती म्हणाली, "तुजं मार्क जास्त व्हतं." इतकं सरळ उत्तर मला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं. मला वाटलं आता ती माफी मागेल आणि मला काहीतरी उत्तर द्यावं लागेल. तिनं माफी मागितली नाही. माझा हात धरायचा तिनं प्रयत्न केला, सुईमुळं जमलं नाही, आणि ती म्हणाली, "आक्काला सांगू नगंस. मला दुसरं कुणी न्हाई." मी हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही. भेटायची वेळ संपली म्हणून सिस्टर आली आणि मी निघाले. तीच आमची शेवटची भेट.

दशक्रियेला नदीकाठी बरीच गर्दी होती. अंगणवाडीत तिच्या हाताखाली शिकलेली अर्धी गावकी आली होती, तेही खरंच आहे. आपल्याकडं दशक्रियेला भाषणं होतात तशी झाली. सरपंच बोलले, सोसायटीचे चेअरमन बोलले, आणि शेवटी विजय माईकपुढं उभा राहिला. त्यानं आईचे कष्ट सांगितले, मशीनवर शिवलेले ब्लाउज सांगितले. मग म्हणाला, "संस्थेची माणसं घर बघायला आली तेव्हा आमच्या घरात साधा फ्रीजसुद्धा नव्हता. अशा परिस्थितीत तिनं मला शिकवलं." बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. माझ्याशेजारी बसलेली माझी आईसुद्धा. ज्या माणसानं त्या फ्रीजचा खालचा कोपरा धरला होता तो हे बोलत होता. मी त्याच्याकडं एकटक बघत राहिले. त्यानं आमच्या बाजूला बघितलं नाही. इतक्या वर्षांत पोराबाळांना सांगून सांगून त्याला ते खरंही वाटायला लागलं असेल. दहाव्याच्या मांडवात कुणी उठून फ्रीज होता म्हणून सांगतं का? ... पण मनातल्या मनात मी त्या दोघांनाही त्या दिवशी सोडलं नाही.

आता मी माझ्या टेबलावर प्रत्येक आईबापाला एक वाक्य सांगते. गृहभेटीला कुणाचं काही उसनं आणू नका, घर आहे तसं ठेवा. काही जणांना ते लागतं. एक बाई म्हणाली, म्याडम, आमी काय भिकारी हाय का. मी म्हणाले, नाही, म्हणूनच सांगते. बरीच माणसं ऐकतात, काही जण तरीही शेजारून सतरंजी आणतातच.

गेल्या रविवारी निमोण्याला गेले होते. समोरच्या घराला कुलूप. दुपारची चहाची वेळ, आई दोन वेळा दाराशी जाऊन बोळात बघून आली. सवय. मग फ्रीजपाशी बसली आणि त्यावरच्या कव्हरचे गोंडे एकेक करून सरळ करायला लागली. काकीनं फ्रीज दिला तेव्हा कव्हरासकट दिला होता. आता ते पिवळं पडलंय. गोंडे सारखे करता करता आई नेहमीचंच बोलली, "त्या दिशी च्या गोड झाला असता तर..." या वेळी ते ऐकून 'जाऊ द्या' म्हणणारं कुणी नव्हतं. मला ते सहन झालं नाही. काकीनं जे कधी केलं नाही ते आपण करावं असं वाटलं, थोडं खोटं बोलून का होईना.

मी म्हणाले, "आई, चहा चांगला झाला होता त्या दिवशी."

"तुला काय ठाव? तू पिलीबी न्हाईस."

"काकी बोलली. दवाखान्यात. त्या बाई तिच्या घरी गेल्यावर म्हणाल्या होत्या, समोरच्या घरी चहा फार चांगला मिळाला. त्यांना साखर चालत नव्हती, म्हणून एकच घोट घेतला."

आईचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, हे मी चार वर्षांपूर्वीच का केलं नाही. ती हसली. "खरं?" म्हणाली. मी हो म्हणाले. मग हळूहळू ते हसू गेलं. तिच्या हातात एक गोंडा तसाच राहिला.

"म्हंजी हे नलीला तवापासून ठाव व्हतं?"

मला वाटलं होतं मी आईला सोडवतेय.

"मग मी तिच्यापुढं येवढी वर्सं जिवाला खात बसले," आई म्हणाली, "तवा का न्हाई बोलली गं ती?"

माझ्याकडं उत्तर होतं. सगळं होतं, उंबऱ्यापासून विजयच्या हातापर्यंत. ते माझ्या तोंडापाशी आलं आणि तिथंच थांबलं. काकीला दिलेल्या शब्दासाठी नाही, तो मी दिलाच नव्हता. आईनं माझ्याकडं बघितलं आणि पुढं काही विचारलं नाही. ती उठली. कव्हर काढून तिनं त्याची घडी घातली आणि खुर्चीवर ठेवली. स्टोव्हवर आधण ठेवलं. फ्रीज उघडून साखरेचा डबा घेतला, दुसऱ्या हातात पातेलं होतं म्हणून दार कोपरानं लावलं, एक छोटा दणका देऊन. मग डब्याचं झाकण उघडून ती तशीच उभी राहिली, आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदा माझ्या आईनं मला विचारलं, "साखर किती घालू?"